पश्चिमेच्या खिडकीला दुहेरी काच

बोरिवलीतल्या फ्लॅटची पश्चिमेची खिडकी दुपारनंतर तापायची, एसी थांबायचाच नाही. जुन्या स्लायडिंगच्या ट्रॅकमध्ये दुहेरी काचेचं २२ मिमी जाडीचं युनिट बसेना, म्हणून यूपीव्हीसीची (कडक प्लास्टिकची) केसमेंट, म्हणजे बिजागरीवर दारासारखी उघडणारी चौकट घेतली. काच ५-१२-५, म्हणजे ५ मिमीच्या दोन काचा आणि मध्ये १२ मिमीची पोकळी. लो-ई थर, म्हणजे उष्णता परतवणारा पातळ पारदर्शक लेप, बाहेरच्या काचेच्या आतल्या अंगाला. हा थर नसेल तर नुसत्या दोन काचांनी ऊन फारसं अडत नाही, पैसे वाया. वजन चौरस मीटरला २५ किलो. बिजागऱ्या तशाच दणकट हव्यात.

चौकटीतली पाणी जायची भोकं कारागीर सिलिकॉनने बुजवतात, ते अजिबात होऊ देऊ नका. पावसाळ्यात काचेची कड पाण्यात राहिली की दोन काचांची कड बंद करणारं सील सुटतं आणि दोन काचांमध्ये धुकं धरतं. ते पुसता येत नाही, अख्खं युनिट बदलावं लागतं. सिलिकॉन न्यूट्रलच वापरा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सील खराब करतं.