युंगफ्राउयोखची गटसहल : या चुका टाळा

स्वित्झर्लंडमधील युंगफ्राउयोख हे ३,४५४ मीटर उंचीवरचे, युरोपातील सर्वांत उंच रेल्वे स्थानक १ ऑगस्ट १९१२ रोजी सुरू झाले. आज महाराष्ट्रातून युरोपला निघणाऱ्या अनेक सहलींमध्ये या स्थानकासाठी एक पूर्ण दिवस राखून ठेवलेला असतो. एकट्यादुकट्या प्रवाशाची चूक पुढच्या गाडीने भरून निघते. पंधरा-वीस जणांचा गट मात्र एकाच्या चुकीपायी सगळाच्या सगळा खोळंबतो.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे हवामान न पाहता तारीख पक्की करणे. वर दाट ढग असतील, तर भरपूर पैसे मोजूनही पांढऱ्या धुक्यापलीकडे काहीच दिसत नाही आणि २० किलोमीटरहून लांब असलेली आलेच हिमनदी समोर असूनही दृष्टीस पडत नाही. म्हणून पायथ्याच्या इंटरलाकेन गावात शक्यतो दोन दिवस मुक्काम ठेवावा, आदल्या संध्याकाळी अंदाज पाहावा आणि सकाळी शिखरावरच्या कॅमेऱ्याचे थेट चित्र पाहूनच निघावे. खोलीच्या खिडकीतून दिसणाऱ्या आभाळावर मात्र विसंबू नये, कारण दरी ढगांनी भरलेली असताना वर लख्ख ऊन असणे हे आल्प्समध्ये नेहमीचेच आहे.

स्वित्झर्लंडभर रेल्वे-बसने फिरण्यासाठीचा स्विस ट्रॅव्हल पास असला की सगळा प्रवास फुकट, असा समजही अनेकांना ऐनवेळी अडचणीत आणतो. तो पास वाटेवरच्या ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेन या गावांपर्यंतच चालतो आणि त्यापुढच्या प्रवासावर २५ टक्के सवलत मिळते. उरलेले भाडे मोठे असल्याने ते माणशी खर्चात आधीच धरावे. वरच्या टप्प्यासाठी आसने राखून ठेवता येतात. गटाने ती राखावीतच.

इंटरलाकेन ओस्टहून सुटणारी गाडी त्स्वाईल्युचिनेन स्थानकात दुभंगते, हे माहीत नसल्याने अनेक गटांची ताटातूट होते. काही डबे लाउटरब्रुनेनला जातात, तर काही ग्रिंडेलवाल्डला. एक कुटुंब खिडकीची जागा मिळाली म्हणून दोन डबे सोडून बसले की ते थेट दुसऱ्या दरीत पोहोचते. डब्यावरची पाटी वाचूनच सर्वांना चढवावे आणि गाडी सुटण्यापूर्वी डोकी मोजावीत. तरीही ग्रिंडेलवाल्डला निघालेल्या गटातले कोणी लाउटरब्रुनेनला गेलेच, तर त्यांनी परत न फिरता वेंगेन आणि क्लाइने शायडेगमार्गे वर यावे, तिकीट त्या मार्गाने चालते का हे तपासनिसाला विचारावे आणि सर्वांनी वरच्या स्थानकात भेटावे. आयगर एक्स्प्रेस या रज्जुमार्गाने जाणाऱ्यांनी ग्रिंडेलवाल्ड टर्मिनलला उतरायचे असते. गावच्या स्थानकापर्यंत गेल्यास एक स्थानक मागे यावे लागते.

डिसेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या या रज्जुमार्गाने टर्मिनलवरून आयगरग्लेट्शरला, म्हणजे युंगफ्राउयोखची गाडी जिथे पकडायची त्या स्थानकाला, पंधरा मिनिटांत पोहोचता येते. ही सोय उत्तमच आहे, पण वेळ वाचवण्यासाठी जाता-येता दोन्ही वेळा तोच निवडणे मला चुकीचे वाटते, कारण त्यात दातेरी रुळांवरून कुरणांमधून उतरणारी गाडी हुकते. जाताना रज्जुमार्ग आणि परतताना क्लाइने शायडेग, वेंगेन, लाउटरब्रुनेन हा क्रम ठेवावा आणि तसे तिकीट काढतानाच सांगावे. क्लाइने शायडेगला दोन्ही दऱ्यांच्या गाड्या उभ्या असतात, तेव्हा तिथेही पाटी वाचल्याशिवाय कोणी चढू नये.

उंचीकडे होणारे दुर्लक्ष ही खरी काळजीची बाब आहे. इंटरलाकेन ५६७ मीटरवर आहे आणि तिथून सुमारे दीड तासात आपण जवळपास २,९०० मीटर वर येतो. वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशच असतो. गाडीतून उतरताच फोटोसाठी धावणाऱ्यांचे डोके दुखू लागते, मळमळते, दम लागतो. पहिला अर्धा तास सावकाश चालावे, पाणी पीत राहावे, मद्य टाळावे. हृदयाचा किंवा श्वसनाचा विकार असलेल्यांनी निघण्यापूर्वी, म्हणजे भारतातच, डॉक्टरांना विचारून घ्यावे. त्रास वाढतच राहिला, तर खाली उतरणे हाच उपाय आहे. अशा वेळी आजी-आजोबांना एकटे पाठवू नये. त्यांच्यासोबत कोण उतरेल हे सकाळीच ठरलेले असावे.

वर हिमनदीत कोरलेल्या बर्फाच्या महालातली जमीनही बर्फाचीच असल्याने चपला किंवा गुळगुळीत तळाचे बूट घालून जाऊ नये. जुलै महिन्यातही स्वेटर, टोपी आणि काळा चष्मा सोबत हवाच. वर जाताना गाडी आयस्मेअर या बोगद्यातल्या स्थानकात काही मिनिटे थांबते, तेव्हा काचेतून हिमनदी पाहून लगेच डब्यात परतावे. परतीची नेमकी गाडी आणि भेटण्याची जागा वर पोहोचताच सर्वांना सांगावी, कारण दुपारी उशिरा उतरणाऱ्यांची गर्दी होते आणि वीस जणांना एकाच डब्यात जागा मिळणे कठीण होते.