स्क्रॅच करताना सुई उडते? नाणं नको, टोक बघा
डीजे स्क्रॅच करताना, म्हणजे टर्नटेबलवरची रेकॉर्ड हाताने मागेपुढे ढकलून आवाज काढताना, सुई उडायला लागली की बरेच जण हेडशेलवर, म्हणजे सुई जिथे बसते त्या पुढच्या भागावर, नाणं चिकटवतात. कृपा करून नका करू, रेकॉर्ड हकनाक झिजते.

१. सुई घेताना गोल टोकाची, म्हणजे स्फेरिकल, मागा. इलिप्टिकल, म्हणजे लंबगोल टोकाची, घरी निवांत ऐकायला छान. पण रेकॉर्ड सतत मागेपुढे ढकलली की असली सुई रेकॉर्डवरची खाच लवकर खराब करते.

२. सुईचं टोपण काढा, अँटी-स्केटिंग (सुईला आत ओढलं जाण्यापासून रोखणारी सेटिंग) ० वर ठेवा. टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, आडवा तरंगेपर्यंत मागचं वजन फिरवा. मग वजन न हलवता नुसती आकड्यांची रिंग ० वर आणा.

३. आता वजनासकट रिंग फिरवून सुईच्या कंपनीने सांगितलेल्या ग्रॅमवर न्या. ऑर्टोफोनच्या कॉन्कॉर्ड एमके२ स्क्रॅचला ४ ग्रॅम.

दोन्ही डेकवर (टर्नटेबलवर) सुईचं मॉडेल एकच हवं, नाहीतर आवाज कमीजास्त येतो.