ब्लॉक करून थकलात? स्पॅमबाबतच्या या चुका टाळा

रात्रीतून कुणीतरी आपल्याला ‘घरबसल्या कमाई’च्या ग्रुपमध्ये टाकलेलं असतं. सगळे नंबर अनोळखी, आणि त्यातले दहाबारा जण ‘पैसे जमा झाले, थँक्यू सर’ म्हणत स्क्रीनशॉट टाकत असतात (हे ‘थँक्यू सर’वाले बहुधा त्याच टोळीतले). आपण चिडून ग्रुप सोडतो, चॅट डिलीट करतो, ॲडमिनला ब्लॉक करतो. चार दिवसांनी दुसरा ग्रुप, दुसरा ॲडमिन. नवा नंबर किंवा नवं अकाउंट काढणं स्पॅमरला जवळजवळ फुकट पडतं. एकेकाला ब्लॉक करण्यात वेळ मात्र आपला जातो. म्हणून माझ्या मते ब्लॉकचं बटण नंतर. तो आपल्यापर्यंत पोचला कसा, ते आधी बघावं.

सेटिंग्ज आहेत तशाच ठेवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. बहुतेक ॲप्स सुरुवातीला ‘एव्हरीवन’वर असतात, म्हणजे कुणीही यावं. व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी, ग्रुप्स इथे जाऊन ‘माय कॉन्टॅक्ट्स’ निवडा. ही सोय 2019 पासून आहे, तरी कित्येकांनी तिला हातही लावलेला नसतो. ती लावली की अनोळखी ॲडमिन तुम्हाला थेट ग्रुपमध्ये घालू शकत नाही. त्याला वेगळं आमंत्रण पाठवावं लागतं आणि तुम्ही काहीच केलं नाही तर तीन दिवसांत ते आपोआप बाद होतं. टेलिग्राममध्येही ग्रुप आणि चॅनेलसाठी असाच पर्याय आहे. तिथेच आपला नंबर कोणाला दिसावा आणि नंबरवरून आपल्याला कोण शोधू शकेल, हेही ठरवता येतं. इन्स्टाग्रामवर चप्पल-गॉगलच्या जाहिरातीत भलतेच लोक टॅग करत असतील तर टॅग आणि मेन्शन फक्त आपण फॉलो करतो त्यांच्यापुरते ठेवा.

आधी डिलीट, मग पश्चात्ताप

व्हॉट्सॲपवर रिपोर्ट केलं की त्या नंबरवरून किंवा ग्रुपमधून आलेले शेवटचे पाच मेसेज कंपनीकडे जातात. समोरच्याला याचा पत्ता लागत नाही. पण चॅट आधीच पुसून टाकलं असेल तर दाखवणार काय? त्यामुळे क्रम असा: रिपोर्ट, ब्लॉक, मग डिलीट. कारण विचारलं तर ‘स्पॅम’ किंवा ‘फसवणूक’ असं नेमकं निवडा.

‘ब्लॉक केलं तरी त्याचे मेसेज दिसतात’ ही नेहमीची तक्रार. ॲप बिघडलेलं नसतं. तुम्ही दोघं एखाद्या ग्रुपमध्ये एकत्र असाल तर तिथले त्याचे मेसेज दिसतच राहतात. त्यावर उपाय ग्रुपच्या ॲडमिनकडे, नाहीतर ग्रुप सोडणं.

उत्तर देणं

‘माझा नंबर काढून टाका’ असं रागाने लिहिलं, तरी समोरच्याला एवढंच कळतं की नंबर चालू आहे आणि माणूस मेसेज वाचतो. ज्या कंपनीला आपण स्वतः नंबर दिलाय तिला ‘बंद करा’ सांगणं योग्यच. अनोळख्याला शिवीसुद्धा देऊ नये. अनोळखी पेजच्या पोस्टखाली ‘किंमत सांगा’ अशी कमेंट टाकणंही तसंच. त्या कमेंटवरून खोटी अकाउंट्स थेट इनबॉक्समध्ये येतात.

गंमत म्हणून क्विझ

‘मागच्या जन्मी तुम्ही कोण होता?’ छापाच्या खेळांना आपण फेसबुकवरून लॉगिन देतो आणि विसरून जातो. निवडणूक प्रचारासाठी लोकांची माहिती वापरणाऱ्या केंब्रिज ॲनालिटिका या ब्रिटिश कंपनीचं प्रकरण 2018 मध्ये उघड झालं, ते अशाच एका क्विझचं. ते ॲप घेतलं होतं सुमारे 2 लाख 70 हजार लोकांनी, पण मित्रयाद्यांतून माहिती गेली असावी अशांचा आकडा फेसबुकने 8 कोटी 70 लाखांपर्यंत सांगितला. तेव्हाची ती पळवाट आता बंद आहे. तरी सेटिंग्जमधल्या ‘ॲप्स अँड वेबसाइट्स’मध्ये एकदा डोकावा आणि ओळखू न येणारं सगळं काढून टाका.

‘माझी माहिती वापरायची परवानगी मी देत नाही’ हा मजकूर कॉपी करून आपल्या फेसबुक वॉलवर चिकटवणं मात्र निव्वळ वेळेचा अपव्यय. 2024 मध्ये ‘गुडबाय मेटा एआय’ नावाने तो पुन्हा फिरला. अशा पोस्टने एकही सेटिंग बदलत नाही. ‘स्पॉन्सर्ड’ लिहिलेल्या जाहिराती कंपनी स्वतः पैसे घेऊन दाखवते, त्या पूर्ण थांबत नाहीत. ‘ॲड प्रेफरन्सेस’मध्ये जाऊन विषय आणि जाहिरातदार कमी करता येतात, इतकंच.

स्पॅम आपल्याच अकाउंटवरून जायला लागला तर

‘तू मला कसली लिंक पाठवलीस?’ असं मित्राने विचारलं की लोक घाईने पासवर्ड बदलतात आणि तिथेच थांबतात. घुसलेला माणूस आधीपासून लॉगिन असेल, तर तेवढ्याने तो बाहेर जाईलच याची खात्री नाही. पासवर्ड बदलल्यावर सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट करा. मग अकाउंटला जोडलेला ईमेल आणि नंबर आपलेच आहेत का ते तपासा, कारण घुसखोर तिथे स्वतःचा पत्ता घालून ठेवतो आणि नंतर ‘फरगॉट पासवर्ड’ने परत येतो. त्यानंतर टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे लॉगिनसाठी आणखी एक कोड किंवा पिन, चालू करा. व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडून अनोळखी कॉम्प्युटर दिसला तर लगेच काढा. मित्रांनाही कळवा, शक्यतो फोन करून. त्याच अकाउंटवरून आलेल्या मेसेजवर आता ते विश्वास ठेवणार नाहीत, आणि ठेवूही नये.

हे सगळं लावल्यावर थोडी गैरसोय होते. फेसबुक-इन्स्टाग्रामवर जुन्या मैत्रिणीचा किंवा नव्या ग्राहकाचा मेसेजही ‘मेसेज रिक्वेस्ट्स’मध्ये जाऊन पडतो. तो कप्पा अधूनमधून उघडा. रिक्वेस्ट स्वीकारण्याआधी मेसेज वाचता येतो, आणि तोपर्यंत तुम्ही तो पाहिल्याचं समोरच्याला दिसत नाही.