कोथिंबीर पेरण्याआधी चर खणा

भातकापणी उरकते, खाचर मोकळं होतं, बाजारात जुडीचा भाव चढलेला असतो. मग घाईत एक नांगरट करून सपाट जमिनीतच धने फेकले जातात. कोकणातली कोथिंबीर तिथेच मरते. रोगाचं नाव मागाहून येतं.

वर्षानुवर्षांच्या चिखलणीने खाचरात वीतभर खाली घट्ट थर बसलेला असतो. भाताला तो हवाच, पाणी धरतो. पण त्या थरावर तुंबलेल्या पाण्यात कोथिंबिरीचं सोटमूळ कुजतं. परतीच्या पावसाची एक जोरदार सर पुरे. दोन-चार दिवसांत रोपं आडवी. एखादं उपटून पाहा, जमिनीलगत देठ सुतासारखा बारीक झालेला, बोट लावताच तुटणारा.

म्हणून दुपारनंतर ढग चढतायत तोवर बी पिशवीतच ठेवा. आधी गादीवाफे करा: तीन फूट रुंद, वीतभर उंच, मधे फूटभर चर. आणि चर बांधापाशी अडवू नका. बांध फोडायला हात धजत नाही, कळतं मला. पण तोंड बंद असलेला चर म्हणजे डबकंच. चर खणल्यावरही वाफ्यावर टाच रुतवून बघा. खळग्यात पाणी पाझरलं तर आठवडाभर थांबा. हे कुठल्या शिफारशीत नाही, माझा आपला अंदाज.

बाकी कामं:
- वाण: दापोली विद्यापीठाचा कोकण कस्तुरी. किराणा दुकानातले धने असतील तर ओल्या फडक्यात उगवण तपासा.
- बियाणं: गुंठ्याला ६०० ते ८०० ग्रॅम. रगडून दोन फाकी करा, १२ तास भिजवा, सावलीत सुकवा.
- बीजप्रक्रिया: किलो बियाण्याला थायरम (बुरशीनाशक) ३ ग्रॅम किंवा ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयुक्त बुरशी) ५ ग्रॅम. दोन्ही एकत्र नको.
- पेरणी: ओळींत १५ सेंमी अंतर, खोली १ ते २ सेंमी.
- खत: चांगलं कुजलेलं शेणखत. उगवणीनंतर २० दिवसांनी हेक्टरी ४० किलो नत्र, म्हणजे गुंठ्याला पाऊण-एक किलो युरिया. मळभ असेल तर पुढे ढकला.
- मावा कीड: ५ टक्के निंबोळी अर्क.
- काढणी: ३५ ते ४५ दिवसांत.

रोपं कोलमडली की माणूस दुकानात धावतो. तिथे आळवणीचं, म्हणजे पाण्यात मिसळून मुळाशी ओतायचं औषध मिळतं, सोबत टॉनिकची बाटली गळ्यात मारली जाते. आधीच तुंबलेल्या वाफ्यात आणखी पाणी ओतायचं, तेही पैसे मोजून! मेलेलं रोप त्याने उठत नाही. त्यापेक्षा चराचं तोंड उघडा, शिंपणं थांबवा, रोग लागलेली रोपं उपटून शेताबाहेर टाका आणि ओळींमधली माती खुरप्याने हलकी मोकळी करा. वारा लागला की उरलेली बरीचशी सावरतात.

पाऊस पुरता गेल्याची खात्री नसेल तर सगळं बी एकदम टाकू नका. दोन-दोन वाफे, आठवड्याच्या अंतराने. पहिले बुडाले तरी पिशवीत बी शिल्लक असतं.