विश्वामित्री नदी चढायच्या आधी दावं सोडा

आर्द्रा ते पूर्वा, पावसाची नक्षत्रं: बडोदं शहर आणि पादरा, करजण, डभोई, वाघोडिया तालुक्यांतल्या पशुपालकांसाठी

बाकीचा सल्ला वाचायला सवड नसेल तर एवढंच वाचा. पाणी येईल अशी शंका आली की जनावर सोडा. पाणी दिसल्यावर नव्हे, शंका आली की.

म्हैस पुरात बुडाली असं आपण सहज म्हणतो. सुटी म्हैस सहसा बुडत नाही, ती चांगली पोहते. मरते ती खुंट्याला बांधलेली. पाणी ओसरल्यावर गोठ्यात गेलं की दरवेळी तेच दिसतं: साखळी ताठ, मान खुंट्याकडे ओढलेली, आणि दहा पावलांवर उकिरड्याचा उंचवटा कोरडाठाक. मालक घरच्यांना घेऊन गच्चीवर गेलेला असतो आणि ‘जनावरांचं सकाळी बघू’ म्हणालेला असतो. त्याला दोष देणं सोपं आहे, पण रात्री दोन वाजता कमरेएवढ्या पाण्यात साखळीचा आकडा सापडत नाही, हेही खरं.

म्हणून हे काम आजच करायचं. सुती दोर भिजला की फुगतो, गाठ आवळते, बोटांनी सुटत नाही. नायलॉनचा दोर फुगत नाही, पण ताण बसला की गाठ दगडासारखी होते. दाव्याची गाठ अशी मारा की मोकळं टोक एकदा ओढलं की सगळी सुटावी. घरातल्या बाईमाणसांना आणि पोरांनाही ती अंधारात सोडता आली पाहिजे. एकदा दिवा बंद करून करून बघा. साखळी असेल तर खुंटा आणि साखळी यांच्यामध्ये हातभर दोराचा तुकडा घाला, म्हणजे वेळ आली तर कापता येईल. आणि एक धारेचा विळा गोठ्याच्या आढ्याला टांगून ठेवा. खाली कोनाड्यात नको, कोनाडा आधी बुडतो.

कधी सोडायचं? ३१ जुलै २०१९ ला, पुष्यात, बडोद्यात एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस झाला. ते पाणी सगळ्यांना समोर दिसत होतं. २०२४ चा ऑगस्टअखेरचा पूर, मघातला, वेगळा होता. पाऊस उघडला तरी नदी उतरेना. धोक्याची खूण २५ फुटांची, आणि पाणी ३७ फुटांच्या घरात गेलं. विश्वामित्री पावागडाकडून येते, वर आजव्याचा तलाव आहे; तिकडे पडलेलं पाणी शहरात पोचायला वेळ लागतो. खाली ती ढाढर नदीला मिळते. ढाढर भरून वाहत असली की विश्वामित्रीचं पाणी मागेच तुंबतं. त्यामुळे पाऊस थांबला, आकाश उजळलं, आता झोपू या असं वाटतं, तीच वेळ घाताची. डभोई-वाघोडियाच्या बाजूला देव धरणाचे दरवाजे उघडल्याचा निरोप आला की तासाचीही वाट बघू नका.

माझा नियम: झोपायच्या वेळी नदी धोक्याच्या खुणेखाली चार-पाच फुटांवर असेल, तर रात्री दावणीला एकही जनावर नको. दिवसाउजेडी उंचावर, रस्त्याच्या भरावावर किंवा शाळेच्या आवारात हलवा. ते जमलं नाही तर मोकळं सोडून गोठ्याचं दार सताड उघडं ठेवा. आणखी एक, याला शास्त्राचा आधार मागू नका: संध्याकाळी गाई नेहमीच्या जागी बसत नसतील, उभ्या राहून एकाच दिशेला बघत असतील, तर मी आकड्यांची वाट बघत नाही.

लोक म्हणतात, सोडलेलं जनावर हरवेल, शेजाऱ्याच्या कपाशीत शिरेल. शिरू दे. कपाशीचा वाद पंचांत मिटतो. हरवू नये म्हणून कानातला बारा आकडी बिल्ला आहेच. तो पडला असेल तर आताच बसवून घ्या आणि क्रमांक मोबाइलमध्ये ठेवा.

पावसाआधीची नेहमीची कामं:
– घटसर्प आणि फऱ्याची लस. अंगात ताकद यायला दोन-तीन आठवडे लागतात, पूर आल्यावर टोचून उपयोग थोडा.
– लाळ्या-खुरकुताची लस सरकारी, फुकट.
– जंताचं औषध, वासरांना आधी.
– कडब्याची, पराळाची (भाताच्या पेंढ्याची) गंजी माचणावर.
– गोठ्यातली वायर, पंखा, कडबाकुट्टीचा स्विच उंचावर.
– कुत्र्याला रेबीजची लस. पट्ट्यावर फोन नंबर. तळमजल्यावर साखळीला बांधून जाऊ नका, त्यालाही हाच नियम.

आता मदतीला येणाऱ्या पोरांसाठी. शहरातली तरुण मुलं होड्या घेऊन येतात, जीव लावून काम करतात, त्यांचं कौतुक आहे. पण होडीत म्हैस मावत नाही आणि ओढून चढवायला गेलात तर होडी उलटेल. तुमचं पहिलं काम दोर कापायचं आणि साखळी तोडायचं. लोखंड तोडायची मोठी कात्री एकीकडे ठेवा, दोऱ्या-बिस्किटं दुसरीकडे. पोहणाऱ्या जनावराची म्होरकी धरून त्याचं तोंड पाण्यावर राहील असं होडीच्या कडेनं हळू न्या, इंजिनापासून लांब. कळपातली म्हातारी, शहाणी गाय आधी काढा, बाकीच्या तिच्यामागे येतात. वासरं आणि शेळ्या लवकर थकतात, त्यांना मात्र होडीत घ्या.

मगरींचं लक्षात ठेवा. २०२४ च्या पुरात वन खात्यानं आणि स्वयंसेवकांनी तीन दिवसांत वस्त्यांमधून चोवीस मगरी पकडल्या. पाणी उतरताना मगर गटारात, गोठ्यातही थांबते. गढूळ पाण्यात काठी आपटल्याशिवाय पाय टाकू नका आणि मगर दिसली तर वन खात्याला कळवा, स्वतः दोर टाकू नका. पायाला जखम असेल तर गोठ्याच्या पाण्यात उतरूच नका. लेप्टोस्पायरोसिसचं दुखणं उंदराच्या आणि जनावरांच्या मुतातून पाण्यात येतं. आठवड्याला २०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिनची गोळी देतात, पण डॉक्टरांना विचारूनच.

बाहेर काढलेल्या जनावराच्या तोंडात बाटलीनं काही ओतू नका. गुळाचा काढा नाही, तेल नाही, दारू तर नाहीच. दमलेलं जनावर नीट गिळत नाही, ते फुप्फुसात जातं आणि चार दिवसांनी न्यूमोनियानं मरतं. मग लोक म्हणतात पुराचा गारठा लागला. पोत्यानं अंग कोरडं करा आणि बादलीत गूळ-मिठाचं पाणी समोर ठेवा, स्वतःहून पिऊ द्या.

दयेपोटी होणारी दुसरी चूक खाण्याची. दोन दिवस उपाशी असलेल्या गाईला लोक पोळ्यांचे ढीग, शिजवलेला भात, लापशी, भिजलेला खुराक घालतात. पोटात आम्ल होतं, गाय बसते ती उठत नाही. पहिल्या दिवशी मूठमूठ कोरडा चाराच. बुरशीचा कडबा नको, वरून कोरडा दिसला तरी आतला उघडून बघा, काळा-हिरवा डाग असेल तर फेका.

पुरानंतर:
– विहिरीत, टाकीत दर हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली ब्लिचिंग पावडर, तासभर थांबून वापर.
– खुरांसाठी १० लिटर पाण्यात ५०० ग्रॅम मोरचूद, रोज दोन-चार मिनिटं उभं करणं. ते पाणी जनावराला पिऊ देऊ नका.
– जखम धुवायला लिटरला एक ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट.
– किडे पडले तर टर्पेंटाइनचा बोळा, मग डॉक्टर.
– आजारी जनावरासाठी १९६२ वर फोन.

पूर ओसरला की दुकानदार यकृताचं टॉनिक आणि ‘प्रतिकारशक्ती’ची पावडर घेऊन दारात येतो. बाटली हजाराची, आणि पूर बघून भाव वर. त्याच पैशात कोरडा पराळ येतो. तो घ्या. मीठ, खनिज मिश्रण एवढं पुरे, तेही दूध मंडळीतून.

मेलेलं जनावर पुरायच्या आधी तलाटी आणि पशुवैद्यकाला कळवा. बिल्ल्यासकट फोटो, पंचनामा, शवविच्छेदनाचा दाखला, तिन्ही लागतात. आपत्ती निवारण निधीच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत दुभत्या गाय-म्हशीला ३७,५०० रुपये, बैलाला ३२,०००, वासराला २०,०००, शेळी-मेंढीला ४,००० अशी मदत ठरली होती; एका घरामागं तीन मोठी दुभती जनावरं धरली होती. खड्डा माणसापेक्षा खोल घ्या, विहिरीपासून लांब, वर चुना टाका. नाका-गुदातून रक्त आलेलं असेल तर फाशी रोगाचा (अँथ्रॅक्सचा) संशय धरा; मग शवविच्छेदनही नको, कातडं काढायचं नाही, हात लावायचा नाही, डॉक्टर येईपर्यंत कुत्र्यांना लांब ठेवायचं.