वरचा कॉम्प्युटर खालच्याला दिसेना? दुरुस्तीला बसण्याआधीची तयारी

घरातल्या दोन कॉम्प्युटरमधलं फाईल शेअरिंग बंद पडलं की बहुतेक जण थेट सेटिंग्जमध्ये घुसतात. फायरवॉल (बाहेरून येणाऱ्याला अडवणारी सोय) बंद करतात, पासवर्ड काढून टाकतात, फोल्डर ‘एव्हरीवन’ला खुला करतात, आणि एवढं करूनही गाडी अडलेलीच राहते. त्यापेक्षा अर्धा तास तयारीला द्या. घरातून हिशेबाचं काम चालत असेल तर महिन्याची ११ आणि २० तारीख टाळा. जीएसटीचं रिटर्न डोक्यावर असताना या कामाला हात घालू नये. दुरुस्तीसाठी लाईट जाते तो वारही सोडा. आणि शेअर केलेल्या फोल्डरची एक प्रत आधी पेन ड्राईव्हवर घ्या, मगच पुढचं.

हाताशी एक कागद आणि पेन हवं. दोन्ही मशीनवर सेटिंग्जमधल्या ‘सिस्टीम’ आणि मग ‘अबाउट’मध्ये जाऊन कॉम्प्युटरचं नाव, विंडोज १० की ११, होम की प्रो, आणि आवृत्तीचा आकडा लिहून घ्या. नाव इंग्रजी अक्षरांत, १५ अक्षरांच्या आत आणि मधे जागा न सोडता असावं. दोन्ही नावं सारखी निघाली तर एक लगेच बदला. शिवाय दोन्ही मशीन दुकानदाराने एकाच हार्ड डिस्कवरून क्लोन, म्हणजे हुबेहूब नक्कल, करून दिल्या असतील तर तेही कागदावर टिपा. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीपासून आलेल्या अपडेटनंतर विंडोज ११ च्या २४एच२ आणि २५एच२ आवृत्त्यांमध्ये अशा जुळ्या मशीन एकमेकींचा पासवर्ड बरोबर असूनही नाकारतात. तिथं सेटिंग्जशी झटापट करून उपयोग नाही, एका मशीनवर विंडोज नव्याने टाकावी लागते.

राउटरचा पासवर्डही शोधून ठेवा, बहुतेक वेळा तो डब्याच्या पोटाशी स्टिकरवर असतो. वरपासून खालपर्यंत पोचेल अशी लॅन केबल मिळाली तर उत्तमच. वायफायचा दोष की विंडोजचा, हे ती दोन मिनिटांत सांगते.

आता पत्ता, म्हणजे नेटवर्कवर मशीनला मिळालेला आकडा. दोन्हीकडे कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची काळी खिडकी) उघडून ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) चालवा आणि आयपीव्ही४ पुढचा आकडा कागदावर उतरवा. घरगुती राउटरवर साधारणपणे पहिले तीन गट दोन्हीकडे सारखे हवेत, शेवटचा वेगळा. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर त्या मशीनला राउटरने पत्ताच दिलेला नाही. केबल किंवा राउटर बघा, बाकीचं नंतर.

सांगलीत इथंच खरी मेख असते. नदीकडच्या ज्या घरांनी २०१९ चा पूर बघितला, तिथं कामाचा कॉम्प्युटर वरच्या मजल्यावर गेला. फायबरचा डबा मात्र केबलवाल्याने ठोकला तिथंच, खाली. वर वायफाय पोचत नाही म्हणून खालच्या डब्यातून वायर ओढून वर दुसरा राउटर बसवला जातो. नेट दोन्हीकडे झकास चालतं, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. पण खाली पत्ता १९२.१६८.१.६ आणि वर १९२.१६८.०.१०४ असेल तर घरात दोन वेगळी नेटवर्कं झाली. त्याची खूण मजेशीर आहे. वरून पुतण्या ओरडतो, “काका, मला तुमचं फोल्डर उघडतंय!” आणि खालून काका म्हणतात, “मग मला तुझं का उघडत नाही रे?” आतल्या राउटरमागचं मशीन पत्ता टाकून बाहेरच्या नेटवर्कमध्ये जाऊ शकतं, उलट मात्र राउटर वाट अडवतो. असं असेल तर विंडोजमध्ये काहीही बदलू नका. वरच्या राउटरला ‘अॅक्सेस पॉइंट’ मोडवर टाका. ती सोय नसेल तर त्याचं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याचं काम, बंद करा, त्याचा स्वतःचा पत्ता खालच्या राउटरच्या मालिकेतला पण त्याच्याशी न जुळणारा द्या, आणि खालून आलेली वायर ‘वॅन’च्या भोकातून काढून ‘लॅन’मध्ये घाला. एक मशीन पाहुण्यांसाठीच्या गेस्ट वायफायवर असलं तरी असंच अडतं. ते नाव मुद्दाम बाकीच्यांपासून तोडून ठेवलेलं असतं.

पत्ते जुळले की नेटवर्कचा प्रकार बघा. नवा राउटर आला किंवा वायफायचं नाव बदललं की विंडोज त्याला नवं नेटवर्क समजते आणि सहसा ‘पब्लिक’ ठरवते. पब्लिक म्हणजे मशीन लपून बसतं, पिंगलाही (‘आहेस का?’ अशा हाकेला) उत्तर देत नाही. ‘काल चालत होतं, आज नाही’ ही तक्रार ऐकली की आधी राउटर बदलला का ते विचारावं. दोन्हीकडे ‘प्रायव्हेट’ करा, आणि अॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क डिस्कव्हरी’ व ‘फाईल अँड प्रिंटर शेअरिंग’ चालू करा. वेगळा अँटिव्हायरस विकत घेतला असेल तर त्याची फायरवॉल स्वतंत्र असते, तिथंही हे नेटवर्क घरचं म्हणून नोंदवावं लागतं.

मग थेट परीक्षा. फाईल एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा (\\) आणि पुढे समोरच्या मशीनचा पत्ता टाइप करून एंटर मारा. ‘नेटवर्क’च्या खिडकीत मशीन न दिसणं आणि ते न उघडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पत्त्याने उघडलं तर रस्ता साफ आहे, फक्त यादीत नाव लागत नाही. त्यासाठी जे मशीन दिसायला हवं त्याच्या सर्व्हिसेसमध्ये ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ शोधून ऑटोमॅटिक करा. नाहीतर सरळ त्या फोल्डरचा शॉर्टकट डेस्कटॉपवर ठेवा आणि यादीचा नाद सोडा. माझं मत विचाराल तर हेच बरं. उघडतच नसेल आणि ८००७००३५ हा आकडा असलेली चूक येत असेल तर रस्ताच सापडलेला नाही. पुन्हा पत्ता, प्रकार, फायरवॉल याच क्रमाने मागे जा. नाव आणि पासवर्ड विचारणारी चौकट आली तर रस्ता ठीक आहे, अडचण ओळखीची.

या चौकटीत सर्वांत जास्त वेळ जातो. रोज मशीन उघडताना टाकता तो पिन इथं चालत नाही, तो त्या मशीनपुरताच असतो. मायक्रोसॉफ्ट अकाउंट असेल तर पूर्ण ईमेल आणि त्या अकाउंटचा पासवर्ड लागतो, आणि तो घरात कुणालाच आठवत नाही. अकाउंटला पासवर्डच ठेवला नसेल तर नेटवर्कवरून त्याला प्रवेश नसतो. म्हणून आधीच तयारी करा: ज्या मशीनवर फोल्डर आहे तिथं ‘घर’ अशा अर्थाचा एक साधा लोकल युजर इंग्रजीत बनवा, त्याला पासवर्ड द्या, तेच नाव आणि पासवर्ड दुसऱ्या मशीनवरच्या चौकटीत टाका. जुना चुकीचा पासवर्ड ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मध्ये साठलेला असतो, तो काढून टाका. पासवर्डच नको म्हणून गेस्ट प्रवेशाच्या मागे लागू नका. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ पासून तसं आत शिरणं मुळातच बंद आहे.

परवानग्या दोन जागी असतात, ‘शेअरिंग’मध्ये आणि ‘सिक्युरिटी’मध्ये. एकाच दाराला दोन कुलपं समजा. एक जरी लागलेलं राहिलं तरी दार उघडत नाही. दोन्हीकडे तो ‘घर’ युजर हवा. फोल्डर उघडतो पण सेव्ह होत नाही, तेव्हा एका जागी नुसतं ‘रीड’ राहिलेलं असतं. अख्खा सी ड्राईव्ह कधीही शेअर करू नका.

जुना स्कॅनर किंवा एक्सपीचं मशीन असलं की कुणीतरी ‘एसएमबी १ (फाईल शेअरिंगची जुनी पद्धत) चालू करा’ असा सल्ला देतं. ऐकू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय व्हायरस त्याच दारातून पसरला होता. त्याच वर्षीच्या अपडेटपासून नव्याने टाकलेल्या विंडोज १० मध्ये त्याचा फोल्डर शेअर करणारा (सर्व्हर) भाग आपोआप बसत नाही. तसंच, जुन्या लेखांत सापडणारा ‘होमग्रुप’ (घरातली मशीन जोडायची जुनी सोय) विंडोज १० मधून २०१८ मध्येच काढला गेला, तो शोधत बसू नका.

किरकोळ गोष्टी उरल्या: फोल्डर असलेलं मशीन झोपी जाणार नाही असं पॉवरच्या सेटिंगमध्ये करा, आणि राउटरमध्ये त्याचा पत्ता राखून ठेवा, नाहीतर लाईट जाऊन आली की शॉर्टकट दुसऱ्याच पत्त्यावर धडकतो. मोठ्या फाईली रांगत जात असतील तर केबल बघा. १०० मेगाबिटवर सेकंदाला फार तर १२ मेगाबाइट जातात.

सगळं जमलं की रिकाम्या फोल्डरमध्ये एक चाचणीची फाईल बनवा. दुसऱ्या मशीनवरून ती उघडा, दोन शब्द लिहून सेव्ह करा, मग डिलीट करा. डिलीट केल्यावर रिसायकल बिन उघडून घरच्यांना दाखवा: तिथं काही नसतं. नेटवर्कवरून पुसलेली फाईल सहसा थेट जाते. हे सगळ्यांनी बघितलं की राउटर आणि दोन्ही मशीन बंद करून परत चालू करा, आणि तीच फाईल पुन्हा नव्याने बनवून पाहा.