क्रूड प्रीहीट ट्रेनमधलं फाउलिंग: खर्च मोजताना या चुका टाळा

रिफायनरीत क्रूड डिस्टिलेशनला (कच्चं तेल तापवून त्याचे घटक वेगळे करायला) लागणारी साधारण ६०-७० टक्के उष्णता प्रीहीट ट्रेनमधूनच मिळते, म्हणजे फर्नेसआधी गरम प्रवाहांच्या उष्णतेवर क्रूड तापवणाऱ्या हीट एक्स्चेंजरच्या साखळीतून. हीट एक्स्चेंजरच्या ट्यूबमध्ये थर बसला (यालाच फाउलिंग म्हणतात) की क्रूड फर्नेसपर्यंत पुरेसं तापून येत नाही, आणि ती तूट इंधन जाळून भरावी लागते. दिवसाला १ लाख बॅरलच्या युनिटमध्ये फर्नेस इनलेटचं तापमान १ अंशाने घसरलं, तर रोज सुमारे १ टन जादा इंधन लागतं. १० अंशांना १० टन, शिवाय ३० टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड.

बहुतेकांचा हिशेब इथेच थांबतो, आणि सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. फर्नेस मर्यादेला टेकली की जादा इंधन जाळताच येत नाही. थ्रूपुट, म्हणजे युनिटमधून रोज जाणारं क्रूड, कमी करावा लागतो. समजा तो ३ टक्के कमी केला आणि बॅरलमागे मार्जिन ५ डॉलर धरलं, तर रोजचे १५,००० डॉलर बुडाले. ते १० टन इंधन टनाला ५०० डॉलरने धरलं, तरी ५,०००च होतात! एनर्जी रिपोर्टमध्ये मात्र फक्त हे ५,००० दिसतात.

नुसत्या इनलेट तापमानाच्या आलेखावरही विसंबू नका. लोड (युनिटमधून जाणारं क्रूड) उतरला की तापमान चढतं आणि ट्रेन साफ असल्याचा भास होतो. आकडे ठरावीक लोडला आणि क्रूडला नॉर्मलाइज करूनच, म्हणजे एकाच पातळीवर आणूनच बघा.

सफाईला ‘सगळ्यात घाण तो आधी’ हा नियम कामाचा नाही. थंड टोकाचा एक्स्चेंजर साफ केला की पुढच्यांना क्रूड आधीच तापलेलं मिळतं, त्यांचा तापमानफरक घटतो आणि फायद्याचा काही भाग वाटेतच जिरतो. फर्नेसलगतच्या गरम टोकाचा फायदा थेट हाती येतो. फार लांबवलं तर थराचा कोक (कोळशासारखा कडक थर) होतो. मग हायड्रोजेटिंगलाही (उच्च दाबाच्या पाण्याच्या फवाऱ्यालाही) तो दाद देत नाही.

डिझाइनमध्ये ‘असू दे जरा जास्त’ म्हणून फाउलिंग फॅक्टर (थर बसेल म्हणून आधीच धरलेली तरतूद) वाढवण्याची सवय तर उलटीच. क्षेत्रफळ वाढवायला ट्यूब वाढवल्या की वेग घटतो, आणि मंद प्रवाहात थर अधिक बसतो. ठरावीक वेग आणि ट्यूबच्या भिंतीचं तापमान सांभाळलं तर थर जवळपास बसतच नाही, हे एबर्ट आणि पंचाल या संशोधकांच्या १९९०च्या दशकातल्या मॉडेलने दाखवलं होतं.

स्वस्त क्रूड घेताना मिळालेली सवलतही अशीच परत जाऊ शकते. ॲस्फाल्टीनवालं (डांबरासारखे जड घटक असलेलं) जड क्रूड आणि हलकं पॅराफिनिक (मेणासारख्या घटकांचं) क्रूड यांचं प्रमाण चुकलं की ॲस्फाल्टीन सुटून ट्यूबला चिकटतं. प्रमाण बरोबर असूनही मिसळण्याचा क्रम नडतो: टाकीत आधी जड घ्या, पॅराफिनिक नंतर सोडा.